आपला स्वभाव ओळखून ऑनलाइन पाठलागाला आळा कसा घालावा

इंटरनेटवर कोणी मागे लागलं की घरात पहिला प्रश्न मुलीलाच विचारतात, ‘तू असं काय टाकलं होतंस?’ दोष मागे लागणाऱ्याचाच असतो. असा छळ करणाऱ्यांत आत्मप्रौढी, कावेबाजपणा, निर्दयता आणि दुसऱ्याच्या त्रासात मजा घेणं हे गुण मानसशास्त्राच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहेत. सोसणाऱ्याच्या स्वभावाबद्दल मात्र जपून बोलावं. माणूस धास्तावलेला असतो म्हणून त्याला गाठतात, की गाठल्यामुळे तो धास्तावतो, हे एकदा भरून घेतलेल्या प्रश्नावलीवरून ठरत नाही. तरी आपल्या कोणत्या सवयीने दार उघडं राहतं, ते तपासायला हरकत नाही. स्वभाव आहे तसाच राहू द्या, सवयी तेवढ्या बदलायच्या.

भिडस्त असाल तर एकदाच, स्पष्ट नकार द्या. माझ्या मते सगळ्यात जास्त अडचण इथेच होते. ‘सध्या कामात आहे’, ‘नंतर बोलू’, वर एक हसरी इमोजी. समोरचा याचा अर्थ ‘थांब, वेळ येईल’ असा लावतो. त्याऐवजी लिहा: ‘मला तुमच्याशी संपर्क ठेवायचा नाही. यापुढे मेसेज किंवा फोन करू नका.’ सॉरी नको आणि कारणही नको. कारण दिलं की ते खोडून काढायला तो पुन्हा येतो.

त्यानंतर अवाक्षर नाही, शिवीसुद्धा नाही. चाळीस मेसेज सोडून एकेचाळिसाव्याला चिडून उत्तर दिलंत, तर चिकाटी धरली की उत्तर मिळतं हे तो शिकतो. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सर्वांत उशिरा सुटते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगांपासून माहीत आहे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे चांगलंच लागू पडतं.

या नकाराला कायद्यातही वजन आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही पुरुष वारंवार संपर्क साधू पाहत असेल तर तो गुन्हा आहे. तिच्या इंटरनेट किंवा ईमेलच्या वापरावर नजर ठेवणंही त्याच कलमात येतं. शिक्षा पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत.

बोलघेवडे, हौशी असाल तर उशिरा पोस्ट करा. आरतीचे, सहलीचे फोटो टाका की, पण तिथून निघाल्यावर. सोसायटीची पाटी, गाडीचा नंबर, मुलांच्या शाळेचा गणवेश फोटोत येऊ देऊ नका. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो काढल्याचं ठिकाण फोटोसोबत जाऊ शकतं.

विश्वासू असाल तर जुन्या किल्ल्या परत घ्या. मागे लागणारा पुष्कळदा ओळखीचा असतो, माजी जोडीदार किंवा ‘फोन मीच सेट करून दिला होता’ म्हणणारा. व्हॉट्सॲपमधली जोडलेली डिव्हाइसेस, गूगल खात्यावर लॉग-इन असलेले फोन, मॅप्सवरचं लोकेशन शेअरिंग आणि रिकव्हरीचा (पासवर्ड विसरल्यास खातं परत मिळवण्यासाठीचा) नंबर व ईमेल तपासा. रिकव्हरीचा नंबर लोक हमखास विसरतात, आणि पासवर्ड बदलूनही खातं त्याच्याच हातात राहू शकतं. एक सावधगिरी मात्र घ्या. तो अंगावर येण्याची भीती असेल तर लगेच लॉग-आउट करू नका, कारण तुम्हाला कळलंय हे त्याला समजेल. आधी स्क्रीनशॉट घ्या, विश्वासातल्या माणसाला सांगा आणि राहण्याची सोय बघा. जिवावर बेतलं तर थेट ११२.

चिंता करणारे असाल तर मेसेज वाचायचं काम दुसऱ्याला द्या. घाबरलेला माणूस दोन गोष्टी करतो. मागे लागणाऱ्याची प्रोफाइल सारखी उघडून बघतो आणि रात्री सगळं डिलीट करून टाकतो. दुसरी जास्त महागात पडते, कारण पुरावा जातो. बहीण किंवा मैत्रीण रोज एकदा मेसेज बघेल आणि जपून ठेवेल, असं ठरवा.

पुरावा आणि तक्रार. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि प्रोफाइलची पूर्ण लिंक हवी. नुसतं नाव पुरत नाही, ते कधीही बदलता येतं. व्हॉट्सॲपची चॅट एक्सपोर्ट करा, मूळ फोन फॉरमॅट करू नका. सगळं साठवून झालं की मग ब्लॉक करा.

१९३० हा क्रमांक प्रामुख्याने पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. पाठलागाची तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात करा. हद्दीचं कारण सांगून परत पाठवू लागले तर ‘झिरो एफआयआर’ मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी फिर्याद. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली असेल तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. कलम ७८ फक्त स्त्रियांना संरक्षण देतं. पुरुषांना धमक्या येत असतील तर कलम ३५१, आणि त्यांच्या नावाने खोटं खातं चालवलं जात असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६सी, ६६डी ही कलमं तक्रारीत नमूद करावीत.