औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार कोणाला? या चुका टाळा

औषधविक्रेत्याने चिठ्ठी परत केली की राग त्याच्यावरच निघतो. पण काही वेळा अडचण चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या बाजूची असते, म्हणजे त्याला औषधे लिहिण्याचा कायदेशीर अधिकार नसतो, किंवा असला तरी तो नेमक्या त्या औषधाला लागू होत नसतो.

सर्वांत रुळलेली चूक म्हणजे नावाआधीचे ‘डॉक्टर’ पाहून निश्चिंत होणे. पदवी शिक्षण दाखवते, अधिकार मात्र नोंदणीतून आणि त्या नोंदणीमागच्या कायद्यातून येतो. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या व्यक्तीने अ‍ॅलोपॅथीची औषधे देणे हा निष्काळजीपणाच ठरतो, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये म्हटले. आयुर्वेदासारख्या भारतीय वैद्यक पद्धतींच्या पदवीधरांना आधुनिक औषधे लिहिता येतील की नाही, हे संबंधित राज्याच्या कायद्याने तसा अधिकार दिला आहे का यावर अवलंबून राहील, असे 1998 च्या आणखी एका निकालातून स्पष्ट झाले. त्यामुळे ‘त्यांना चालते’ आणि ‘त्यांना चालत नाही’ ही दोन्ही सरसकट उत्तरे राज्य विचारल्याशिवाय देऊ नयेत.

याच्या नेमकी उलट चूकही होते: चिठ्ठी फक्त डॉक्टरच लिहू शकतात, असे धरून चालणे. ब्रिटनमध्ये 2006 पासून विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका आणि फार्मासिस्ट स्वतःच्या जबाबदारीवर औषधे लिहितात. फिजिओथेरपिस्टना 2013 मध्ये आणि वरिष्ठ पॅरामेडिकना 2018 मध्ये तशी मुभा मिळाली. मात्र प्रत्येक परिचारिकेला हा अधिकार आहे असे नाही, कारण व्यावसायिक नोंदवहीत तिच्या नावापुढे तशी वेगळी नोंद असावी लागते. शिवाय ‘स्वतंत्र’ आणि ‘पूरक’ असे दोन प्रकार आहेत आणि गोंधळ बहुधा इथेच होतो: पूरक अधिकार असलेल्या व्यक्तीला डॉक्टरांनी रुग्णाच्या संमतीने आखलेल्या उपचार-योजनेच्या चौकटीतच लिहिता येते, त्या योजनेत नसलेले औषध तिला लिहिता येत नाही. ठरवून दिलेल्या लेखी निर्देशांनुसार परिचारिकेने लस टोचली, तर कायद्याच्या दृष्टीने ते औषध लिहिणे नव्हे, केवळ देणे होय.

अधिकार आहे म्हणजे सगळ्या औषधांसाठी आहे, हा तिसरा गैरसमज. अमेरिकेत राज्याचा परवाना असला तरी नियंत्रित औषधांसाठी (म्हणजे व्यसन किंवा गैरवापराचा धोका असलेल्या औषधांसाठी) केंद्रीय अंमली पदार्थ यंत्रणेकडे वेगळी नोंदणी लागते, आणि नर्स प्रॅक्टिशनरला (उच्च प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेला) डॉक्टरांशी करार करावा लागतो की नाही, हे राज्यागणिक बदलते. भारतात 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुसूची ‘एक्स’मधील (औषध नियमांतील कडक नियंत्रणाच्या यादीतील) आणि अंमली वर्गातील औषधे दूरसल्ल्यावर लिहिताच येत नाहीत, मग समोरचा तज्ज्ञ कितीही अनुभवी असो.

सीमा ओलांडल्यावर चिठ्ठी चालेलच, असेही गृहीत धरू नये. युरोपीय संघातील देश एकमेकांच्या चिठ्ठ्या सामान्यतः मान्य करतात, पण अशी व्यवस्था सर्वत्र नाही.

चिठ्ठी नाकारली गेलीच, तर वाद घालण्यापूर्वी नाकारण्याचे कारण नेमके विचारावे. लिहिणाऱ्याच्या नोंदणीविषयी शंका असेल, तर नोंदणी क्रमांक संबंधित परिषदेच्या नोंदवहीत तपासावा. औषध अधिकाराबाहेरचे निघाले, तर त्याच व्यक्तीकडून चिठ्ठी पुन्हा लिहून घेणे व्यर्थ आहे; अधिकार असलेल्या दुसऱ्या व्यावसायिकाकडेच जावे लागते. अडचण फक्त मुदतीची असेल (ब्रिटनमध्ये नियंत्रित औषधांची चिठ्ठी साधारणपणे 28 दिवसच चालते), तर मूळ लिहिणाऱ्याकडून नवी चिठ्ठी घ्यावी. जुन्या चिठ्ठीवर तारीख खोडून स्वतः बदल करणे हा बनावटीचा गुन्हा ठरू शकतो.