टाटा शिकवायच्या आधी

डोंबिवलीत घरीच बावीस वर्षं पाळणाघर चालवते. नवी आई पहिल्याच आठवड्यात विचारते, "काकू, हा अजून टाटा करत नाही हो," आणि बोलता बोलता बाळाचं मनगट धरून हलवायला लागते. तेवढं नका करू. असं हलवलेला हात तुमचा असतो, बाळाचा नाही.

आधी आपणच बाळाची नक्कल करायची. ते "आऽऽ" म्हणालं की आपणही त्याच सुरात "आऽऽ". बाळाला स्वतःचं तोंड दिसत नाही. स्वतः काय केलं ते त्याला तुमच्या चेहऱ्यावरच बघायला मिळतं. तान्ह्या बाळाकडून मात्र अपेक्षा ठेवू नका. दोन-तीन आठवड्यांची बाळंही बघून जीभ काढतात, असं मेल्टझॉफ आणि मूर या मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली मांडलं होतं. पण 2016 साली शंभरावर बाळांच्या पाहणीत तसं दिसलं नाही.

बाळ बसायला लागलं की स्टीलची वाटी पालथी घाला. चमच्याने एकदाच टक्. चमचा त्याच्यापुढे ठेवा आणि गप्प बसून मनात दहापर्यंत मोजा. ते चमच्याकडे बघेल, तुमच्याकडे बघेल, मग चमचा तोंडात घालेल. घालू दे. पुन्हा एकदा टक्. नऊ महिन्यांची एक मुलगी दिवसभर नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी आईच्या कडेवरून उतरली ती रांगत थेट वाटीपाशी! पालथी केली आणि टक्. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाळं बघून ठेवतात, दिवसभरानेही आठवून करतात.

टाटा दाराशीच शिकवा, कुणी खरंच चपला घालून निघालं असेल तेव्हा.

वर्षानंतर मुलं कारणही बघतात. 2002 सालच्या एका प्रयोगात बाईने कपाळाने दाबून विजेचा दिवा लावला. तिचे हात मोकळे असताना चौदा महिन्यांच्या बऱ्याच मुलांनी कपाळ टेकवलं. हात शालीत अडकलेले दिसले तेव्हा बहुतेकांनी सरळ हात वापरला; तिने कपाळ का वापरलं ते जणू त्यांना कळलं होतं. म्हणून या वयात खोट्या खेळण्यांपेक्षा कणकेचा गोळा द्या, केर काढताना छोटी केरसुणी द्या. औषधाची गोळी मात्र त्यांच्यासमोर कधीच घेऊ नका.

वर्ष होऊनही टाटा, टाळ्या, बोट दाखवणं यातलं काहीच नसेल, तर "आमच्याकडे सगळीच उशिरा करतात" म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानही तपासून घ्या.