नृत्यवर्गासाठी विमा कसा निवडावा

नृत्यशिक्षकाने विम्याबद्दल विचारले की हमखास एकच उत्तर मिळते: पालकांकडून 'आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर मूल पाठवतो' असे लिहून घ्या, मग विम्याची गरज नाही. हा सल्ला चुकीचा आहे. आपल्या निष्काळजीपणामुळे मूल जखमी झाले तर त्या सहीने आपली कायदेशीर जबाबदारी संपत नाही आणि आपण शुल्क घेऊन शिकवत असल्यामुळे पालक ग्राहक आयोगाकडेही दाद मागू शकतात. मी पुण्यात २२ वर्षे कथक शिकवते आहे. हा धडा मला उशिरा मिळाला, म्हणून सविस्तर लिहिते.

एजंटला फोन करण्याआधी एक यादी करावी. वर्ग भरतो त्या प्रत्येक जागेचा पत्ता, तिथली विद्यार्थिसंख्या व वयोगट, आपल्या हाताखाली शिकवणाऱ्या मुली आणि वर्षभरातले बाहेरचे कार्यक्रम तिच्यात असावेत.

मग स्वतःचा विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते, ते घ्यावेच. परंतु ते मृत्यू व कायमच्या अपंगत्वासाठी आहे. पाय प्लास्टरमध्ये असताना बुडालेल्या फीसाठी नाही. त्यासाठी 'सरल सुरक्षा बीमा'सारखी वैयक्तिक अपघात पॉलिसी घेऊन तिच्यातला तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचा ऐच्छिक लाभ आवर्जून निवडावा. तो आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के, म्हणजे १० लाखांवर २,००० रुपये मिळतो.

साउंड सिस्टीम, आरसे व फर्निचरसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही लहान व्यवसायांसाठीची आगीसारख्या संकटांची पॉलिसी पुरते, घरफोडीचे संरक्षण मात्र वेगळे मागावे.

आता खरा अवघड भाग, म्हणजे सार्वजनिक दायित्व विमा, ज्याला सगळे पब्लिक लायबिलिटी म्हणतात. आपल्या चुकीमुळे दुसऱ्याला इजा झाली आणि कायद्याने भरपाई देणे भाग पडले, तर ती भरपाई व वकिलाचा खर्च या पॉलिसीतून मिळतो. मागताना 'औद्योगिकेतर जोखमीची', म्हणजे कारखाना नसलेल्या जागांसाठीची पॉलिसी हवी असे स्पष्ट सांगावे, कारण १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखालची पॉलिसी घातक रसायने हाताळणाऱ्यांसाठी असते आणि एका एजंटने मला आधी तिचेच माहितीपत्रक दिले होते.

माझ्याकडे योग्य पॉलिसी होती, तरीही दावा फेटाळला गेला. एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये वर्ग चालू असताना कुणाच्या तरी चाळाची, म्हणजे पायातल्या घुंगरांच्या माळेची दोरी झिजून वाटाण्याएवढे एक पितळी घुंगरू निखळले. ततकाराच्या, म्हणजे पायांच्या ठेक्याच्या आवाजात ते कुणालाच कळले नाही. चक्कर घेणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीची टाच नेमकी त्यावर पडली, ती हातावर आदळली आणि तिचे मनगट मोडले. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तपशिलाच्या पानावर, 'व्यवसायाची जागा' म्हणून फक्त माझ्या घराचा पत्ता होता. क्लबहाउसचा उल्लेख कुठेच नसल्यामुळे कंपनीने हात वर केले. प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसीसाठीचा अर्ज, एजंटने भरला होता आणि मी न वाचता सही केली होती. म्हणून माझे ठाम मत आहे की हा फॉर्म स्वतः भरावा, वर्गाची प्रत्येक जागा त्यात लिहावी, नवी जागा घेतली की पहिल्या वर्गाआधी ती पॉलिसीत चढवून घ्यावी आणि वार्षिक कार्यक्रम बालगंधर्व रंगमंदिरात असो वा शाळेच्या मैदानावर, त्याचे संरक्षण वेगळे मागावे.

पत्त्यानंतरचा प्रश्न असा, की या पॉलिसीत विद्यार्थी 'त्रयस्थ', म्हणजे भरपाई मिळू शकणारे बाहेरचे लोक, धरले जातात का? काही पॉलिसींमध्ये शारीरिक उपक्रमात भाग घेणाऱ्यांची इजा वगळलेली असते. तसे असेल तर ती पॉलिसी प्रेक्षकांसाठी आणि मुलांना सोडायला आलेल्या आजीसाठी आहे, आपल्या कामाची नाही. एजंटच्या तोंडी 'हो'वर विसंबू नये. हा प्रश्न कंपनीला ईमेलने विचारावा आणि आलेले उत्तर पॉलिसीसोबत जपून ठेवावे. शिकवण्यातल्या चुकीमुळे झालेली इजा त्यात येते का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारावे, कारण काही कंपन्या त्यासाठी प्रोफेशनल इंडेम्निटी ही निराळी पॉलिसी घ्यायला लावतात. भाड्याच्या हॉलचा आरसा आपल्याकडून फुटला तर तो 'ताब्यातील मालमत्ता' म्हणून बहुधा वगळलेला असतो, तेव्हा हॉलमालकाशी करार करताना हे लक्षात ठेवावे.

मर्यादेचे दोन आकडे असतात, एक एका अपघातासाठी आणि दुसरा वर्षभरासाठी. प्रमाण १:१ असेल, म्हणजे दोन्ही आकडे सारखे असतील, तर एकाच मोठ्या अपघातात वर्षाचे संरक्षण संपू शकते. मी १:२ पेक्षा कमी घेत नाही. शिवाय या पॉलिसी सहसा आपल्यावर भरपाईचा दावा दाखल होण्याच्या तारखेला लागू असाव्या लागतात. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत दाव्याची कायदेशीर मुदत सज्ञान झाल्यावर मोजता येते, म्हणून नूतनीकरणात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नये आणि कंपनी बदलताना जुनी पूर्वलक्षी तारीख (जिच्यानंतर घडलेले अपघात पॉलिसीत धरले जातात ती) कायम राहील हे लेखी घ्यावे.

दोष कुणाचाच नसेल तेव्हा दायित्व विमा काही देत नाही, पण मुलाच्या हाताला प्लास्टर असतेच. त्यासाठी विद्यार्थ्यांचा सामूहिक अपघात विमा वैद्यकीय खर्चाच्या जोडीसह घ्यावा आणि त्याचा हप्ता वार्षिक शुल्कात धरावा. पालकांना कारण समजावून सांगितले की ते तक्रार करत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

अपघात झालाच तर आधी मुलाला दवाखान्यात न्यावे, मग जागेचे फोटो काढावेत आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेल करावा. पालकांची विचारपूस मनापासून करावी, सोबत बसावे, परंतु 'चूक आमची, सगळा खर्च आम्ही देऊ' असा मेसेज पाठवू नये, कारण कंपनीच्या संमतीशिवाय दिलेली कबुली पॉलिसीच्या अटींचा भंग ठरते. दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज करावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावे. त्यांचे कार्यालय पुण्यातही आहे, शुल्क लागत नाही आणि एकल मालकीच्या व्यवसायाची पॉलिसी त्यांच्या अधिकारकक्षेत येते.