शहरी सायकलस्वारासाठी दिवे आणि दिशादर्शक घडवताना

सायकलला लावायच्या उपकरणाचा आराखडा काढण्यापूर्वी ते कोणाच्या डोळ्यांसाठी आहे, हे ठरवावे लागते. मागचा दिवा सायकलस्वाराला स्वतःला कधीच दिसत नाही. तो दिसायला हवा मागून येणाऱ्या मोटारचालकाला, ज्याच्या समोरच्या काचेवर धूळ असते आणि ज्याचे लक्ष पुढच्या सिग्नलवर असते. रस्ता सांगणाऱ्या दिशादर्शकाचे नेमके उलट असते: तो सायकलस्वारासाठीच असतो, परंतु त्याने सायकलस्वाराचे डोळे शक्य तितके कमी वापरावेत.

नवख्या रचनाकाराला सहसा प्रथम सुचते ती कल्पना म्हणजे सीटखाली बसवायची, मागच्या चालकाला डावा-उजवा बाण दाखवणारी पेटी. कागदावर ती देखणी दिसते, पण थोडा हिशेब करून पाहावा. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन लागतो, म्हणजे १०० मीटरवर जवळपास ३ सेंटीमीटर. हा आकडा चांगल्या उजेडातल्या स्पष्ट आकृतीसाठी आहे. अंधारात, चकाकीत आणि ओल्या काचेतून परिस्थिती कितीतरी बिघडते. त्यामुळे ८ सेंटीमीटर रुंदीच्या पेटीतला बाण दुरून केवळ एक लाल ठिपका होतो. वळणाचे दिवे द्यायचेच असतील, तर ते हँडलच्या दोन टोकांना न्यावेत. माझ्या मते मनगटावरची रुंद परावर्तक पट्टी त्याहून अधिक उपयोगी ठरते, कारण हात दाखवण्याची खूण चालकांना आधीपासून ठाऊक असते.

परावर्तक आणि फ्लुरोसंट यांची गल्लत करू नये. फ्लुरोसंट कापड अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश देते, म्हणून ते दिवसा झळकते आणि रात्री जवळजवळ निरुपयोगी ठरते. परावर्तक पट्टी प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवते, म्हणून ती हेडलाइटच्या झोतात आल्यावरच दिसते. ती घोट्यांवर लावल्यास पायांच्या वर-खाली हालचालीवरून समोर माणूस आहे हे चालकाला लवकर कळते. मात्र आडव्या रस्त्याने येणाऱ्या गाडीचा झोत सायकलवर पडेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. त्यामुळे बाजूंना स्वतःचा प्रकाश फेकणारा दिवा आवश्यक आहे आणि बाजारातील अनेक दिव्यांत हीच उणीव आढळते.

मागच्या दिव्यासाठी स्थिर प्रकाश कायम ठेवून त्यावर हलकी स्पंदने द्यावीत. नुसत्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे लक्ष जाते, पण त्याचे अंतर ताडणे कठीण जाते. पुढच्या दिव्याचा झोत वरच्या बाजूने कापलेला असावा, जेणेकरून समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत. जर्मनीच्या वाहतूक नियमांत तर तशी सक्तीच आहे. जागा निवडताना कपडे विसरू नयेत. मी माझा पहिला नमुना सीटच्या दांड्यावर बसवला आणि पहिल्याच पावसात रेनकोटच्या मागच्या घेराने तो पूर्ण झाकला गेला. दिवा तासभर इमानाने जळत होता, पण कोणालाही दिसत नव्हता.

दिशादर्शकाच्या बाबतीत वेग हाच मुख्य मुद्दा आहे. ताशी २५ किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला सुमारे ७ मीटर अंतर कापते. म्हणजे पडद्याकडे २ सेकंद पाहिले, तर १४ मीटर रस्ता न पाहताच पार होतो. शिवाय अनेक जीपीएस उपकरणे सेकंदाला एकदाच स्थान सांगतात आणि उंच इमारतींवरून परावर्तित झालेल्या संकेतांमुळे ते स्थान शेजारच्या गल्लीत सरकू शकते. म्हणून सूचना मीटरवर न बांधता वेळेवर बांधावी: वळणाच्या १० सेकंद आधी एकदा आणि ४ सेकंद आधी पुन्हा. इअरफोन मागच्या गाडीचा आवाज झाकतात, म्हणून सूचना हातांतून देणे मला अधिक योग्य वाटते: डावीकडे वळायचे तर डाव्या मुठीत कंपन, उजवीकडे तर उजव्या. खडबडीत रस्त्याच्या थरथरीत बारीक कंपने हरवतात, म्हणून ती लांब आणि ठळक ठेवावीत. शिकावी लागेल अशी सांकेतिक भाषा मात्र मुळीच करू नये.

पकड हा रटाळ वाटणारा, पण उपकरणाचे आयुष्य ठरवणारा भाग आहे. हँडलचा व्यास मुठीजवळ बहुधा २२.२ मिलिमीटर, तर मध्यभागी २५.४ किंवा ३१.८ मिलिमीटर असतो. रबरी पट्टा हे सर्व सामावून घेतो, कडक क्लॅम्पला निरनिराळे अस्तर लागते. पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या मानांकनात आयपीएक्स ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून बचाव, तर आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे तग. तथापि बुडवण्याची चाचणी पार केलेले उपकरण जोरदार फवाऱ्यात टिकेलच असे नाही. चार्जिंगच्या छिद्राचे रबरी झाकण सर्वांत आधी सैल होते, म्हणून ते छिद्र खालच्या बाजूला, चाकाच्या तुषारांपासून दूर ठेवावे.

चोरीच्या भीतीने सायकलस्वार प्रत्येक थांब्यावर उपकरण काढून खिशात टाकतो. म्हणून शेवटची चाचणी अशी घ्यावी: ते पूर्वी न पाहिलेल्या व्यक्तीला ओले हातमोजे घालायला सांगून, काहीही न समजावता, एका हाताने ते काढायला आणि परत बसवायला लावावे. जिथे तिची बोटे अडखळतील, तिथला भाग पुन्हा आखावा.