जैवरेणूची आकृती कशी वाचावी: कार्बन मोजण्यापासून प्रभार ठरवण्यापर्यंत

जीवशास्त्राच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमाला सेंद्रिय रसायनशास्त्र किती लागतं? शंभर अभिक्रिया पाठ असण्याइतकं नक्कीच नाही. एखाद्या रेणूची आकृती समोर आली की त्यात कोणते अणू आहेत, कोणते क्रियात्मक गट (रेणूचं वागणं ठरवणारे अणूंचे ठराविक समूह) आहेत आणि पेशीतल्या पाण्यात त्यावर प्रभार किती असेल, एवढं सांगता आलं की काम भागतं. पहिल्या दोन गोष्टी एका संध्याकाळी जमतात. तिसरीवर गाडी अडते, कारण ती शिकवताना गटांचा तक्ता हातात देऊन ‘पाठ करा’ म्हणून मोकळे होतात. तक्ता पाठ होतो आणि उत्तर तरीही चुकतं.

सहसंयुज बंध म्हणजे काय आणि पीएच कशाचं माप आहे, एवढं ठाऊक आहे असं धरून चालू. कागद-पेन्सिल घेऊनच बसा. या गोष्टी नुसत्या वाचून येत नाहीत.

१. अणू मोजा

संयुजा लक्षात ठेवा: हायड्रोजन १, ऑक्सिजन २, नायट्रोजन ३, कार्बन ४. थायॉलमधल्या (एसएच गटातल्या) गंधकाचे बंध २, फॉस्फेटमधल्या फॉस्फरसचे ५. नागमोडी रेषांच्या आकृतीत प्रत्येक कोपरा म्हणजे एक कार्बन, आणि अक्षर न लिहिलेलं प्रत्येक टोक म्हणजेही एक कार्बन. कार्बनवरचे हायड्रोजन दाखवत नाहीत. ऑक्सिजन आणि नायट्रोजनवरचे दाखवतात. कोपऱ्यावर चारला जितके बंध कमी, तितके हायड्रोजन तिथे आहेतच, फक्त काढलेले नाहीत.

लॅक्टिक आम्ल काढून बघा. कार्बन तीन. डाव्या टोकाला एकच बंध दिसतो, म्हणजे तिथे तीन हायड्रोजन. मधल्या कोपऱ्याला तीन बंध दिसतात (दोन शेजारचे कार्बन आणि एक ओएच), म्हणजे एक हायड्रोजन. उजव्या कार्बनला दुहेरी बंधाने ऑक्सिजन, एकेरी बंधाने ओएच आणि शेजारचा कार्बन. चार भरले, हायड्रोजन शून्य. दोन्ही ओएचमधले धरून हायड्रोजन सहा, ऑक्सिजन तीन. मोजताना एखाद्या कार्बनला पाच बंध झाले, तर पुस्तकाला दोष देण्याआधी पुन्हा मोजा.

२. गट ओळखा

इथे एकच सवय लावायची: कार्बोनिल, म्हणजे कार्बन–ऑक्सिजन दुहेरी बंध दिसला की त्या कार्बनचे दोन्ही शेजारी बघितल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. दोन्हीकडे कार्बन असेल तर कीटोन. एकीकडे हायड्रोजन असेल तर अल्डिहाइड. ओएच असेल तर कार्बॉक्सिल. ऑक्सिजन असून त्याच्या पलीकडे पुन्हा कार्बन असेल तर एस्टर, आणि नायट्रोजन असेल तर अमाइड. लॅक्टिक आम्लात ‘एक कीटोन आणि दोन अल्कोहोल’ शोधून काढणारे दरवर्षी असतात. उजवीकडचा ओएच कार्बोनिललाच चिकटलेला आहे, म्हणून ती दोन्ही मिळून एक कार्बॉक्सिल. अल्कोहोल फक्त मधला.

बाकी हायड्रॉक्सिल (ओएच), अमिनो (एनएच२), थायॉल (एसएच), फॉस्फेट (फॉस्फरसभोवती चार ऑक्सिजन), मिथिल (सीएच३) हे गट नजरेनेच ओळखू येतात.

३. प्रभार ठरवा

सगळी मेख इथे आहे.

‘आम्लात धन, आम्लारीत ऋण’ हे सूत्र डोक्यातून काढून टाका. ते अर्धसत्य आहे आणि कार्बॉक्सिलपाशी हमखास तोंडावर पाडतं, कारण कार्बॉक्सिल कितीही आम्लात ठेवला तरी धन होत नाही. यात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवलेले आहेत. ते सुटे करा आणि याच क्रमाने विचारा.

पहिला प्रश्न: प्रोटॉन (हायड्रोजनचा धन आयन) गटावर आहे की गेला? याचं उत्तर पीएच आणि पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंच्या त्या गटावरून प्रोटॉन गेलेला असतो, तो आकडा) यांच्या तुलनेतून मिळतं. पीएच पीकेएपेक्षा कमी असेल तर बहुतेक रेणूंवर प्रोटॉन बसलेला, जास्त असेल तर बहुतेकांवरून गेलेला. गट कुठलाही असो, हा नियम बदलत नाही.

दुसरा प्रश्न: प्रोटॉन असताना त्या गटाचा प्रभार किती, आणि नसताना किती? हे मात्र गटागणिक बदलतं. कार्बॉक्सिल प्रोटॉनसकट शून्य, प्रोटॉन गेल्यावर उणे १. थायॉल आणि टायरोसिन या अमिनो आम्लाचा ओएच यांचंही तेच. अमिनो प्रोटॉनसकट अधिक १, गेल्यावर शून्य. हिस्टिडीन आणि आर्जिनीन हीही अमिनो आम्लंच; हिस्टिडीनचं वलय आणि आर्जिनीनचं टोक अमिनोसारखंच वागतं.

दोन्ही उत्तरं वेगवेगळी लिहा, मगच बेरीज करा. सुरुवातीला चक्क दोन रकाने आखा. मनातल्या मनात करायला गेलं की लायसिन या अमिनो आम्लाच्या बाजूच्या अमिनो गटाच्या पीकेएवर, म्हणजे १०.५ वर, घसरगुंडी ठरलेली: ‘दहाच्या वर प्रोटॉन जातो, म्हणजे ऋण होतो’. ऋण होत नाही, शून्य होतो. तो १०.५ हा आकडा प्रोटॉन बसलेल्या, धन प्रभाराच्या अमिनो गटाचा आहे. साध्या अमिनो गटावर पाण्यात ऋण प्रभार येतच नाही. उत्तरात तसं काही आलं तर ते खोडा.

लागणारे आकडे थोडे आहेत. कार्बॉक्सिल २ ते ५. हिस्टिडीन ६. सिस्टीनचा थायॉल ८ च्या थोडं वर. प्रथिनाच्या साखळीच्या टोकाचा अमिनो सुमारे ८, सुट्या अमिनो आम्लात ९ ते १०. टायरोसिन १०. लायसिन १०.५. आर्जिनीन १२ च्या वर. साधा अल्कोहोल सुमारे १६. म्हणजे ग्लुकोजवरचे, सेरीनवरचे, ग्लिसरॉलवरचे ओएच पेशीत कधीच प्रभारित नसतात. ओएच दिसला की उणे लिहायची खोड अनेकांना असते. ती मोडा.

हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. ॲसेटिक आम्लाचा पीकेए ४.७६ आहे, पण सुट्या अमिनो आम्लातला कार्बॉक्सिल २ च्या आसपास येतो, कारण शेजारचा धन अमिनो ऋण झालेल्या रूपाला आधार देतो. प्रथिनाच्या आत हिस्टिडीनचा आकडाही आजूबाजूच्या गटांप्रमाणे वर-खाली सरकतो. म्हणून गणितात आकडा दिला असेल तर तोच वापरा, पाठ केलेला नाही.

आता ‘बहुतेक’ म्हणजे नेमके किती? पीएच आणि पीकेए यांत १ चा फरक असेल तर प्रमाण १० ला १, दोनचा असेल तर १०० ला १, तीनचा असेल तर १००० ला १. लॅक्टिक आम्लाचा पीकेए ३.८६. रक्ताच्या ७.४ पीएचला फरक साडेतीनचा, म्हणजे प्रोटॉन धरून बसलेल्या एका रेणूमागे सुमारे साडेतीन हजार लॅक्टेट. रक्तात ‘लॅक्टिक आम्ल’ जवळजवळ नसतंच, असतं ते लॅक्टेट. माझा सरळ नियम असा: फरक दोनहून जास्त असेल तर पूर्ण आकडा घ्या. दोनच्या आत असेल तर अपूर्णांक लिहा आणि पूर्णांकाचा हट्ट सोडा.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. ग्लुटामेट–हिस्टिडीन–लायसिन अशी तीन अमिनो आम्लांची साखळी, पीएच ७. पीकेए असे धरा: अमिनो टोक ८, ग्लुटामेटची बाजूची साखळी ४.२, हिस्टिडीन ६, लायसिन १०.५, कार्बॉक्सिल टोक ३.५.

अमिनो टोक: पीएच एकने कमी, म्हणजे ११ पैकी १० रेणूंवर प्रोटॉन, अधिक ०.९१. ग्लुटामेट: फरक २.८, प्रोटॉन गेलेला, उणे १. हिस्टिडीन: पीएच एकने जास्त, ११ पैकी एकावरच प्रोटॉन, अधिक ०.०९. लायसिन: अधिक १. कार्बॉक्सिल टोक: उणे १. बेरीज शून्य.

तीच साखळी पीएच ५ च्या द्रावणात टाका. अमिनो टोक आता पूर्ण अधिक १. ग्लुटामेटचा फरक ०.८ वर आला, म्हणून उणे ०.८६. हिस्टिडीनचं पारडं फिरलं, ११ पैकी १० वर प्रोटॉन, अधिक ०.९१. लायसिन अधिक १. कार्बॉक्सिल टोक उणे ०.९७. बेरीज सुमारे अधिक १. विद्युतकणसंचलनात (विजेच्या क्षेत्रात प्रभारित रेणू सरकवण्याच्या पद्धतीत) हा रेणू पीएच ७ ला जागचा हलणार नाही आणि पीएच ५ ला ऋण इलेक्ट्रोडकडे सरकेल. बदलातला मोठा वाटा एकट्या हिस्टिडीनचा. अनेक विकरांच्या (एन्झाइमांच्या) क्रियाशील जागेत हिस्टिडीन सापडतं ते याचमुळे: पेशीच्या पीएचजवळ प्रोटॉन घेणं आणि देणं दोन्ही त्याला सहज जमतं.

या उदाहरणात दोन पेप्टाइड बंध (अमिनो आम्लं एकमेकांना जोडणारे बंध) आहेत आणि त्यांचे नायट्रोजन बेरजेत कुठेच आले नाहीत, हे लक्षात आलं का? ते अमाइडचे नायट्रोजन. त्यांची मोकळी इलेक्ट्रॉन जोडी शेजारच्या कार्बोनिलकडे ओढली गेलेली असते, म्हणून ते पेशीतल्या पीएचला प्रोटॉन घेत नाहीत. ‘नायट्रोजन दिसला की अधिक १’ हा सल्ला देणाऱ्याने शंभर अमिनो आम्लांच्या साखळीचा प्रभार एकदा स्वतः काढून बघावा. ॲडेनीनच्या वलयाला लागलेल्या एनएच२ बाबतही तीच गत: दिसायला अमिनो, पण जोडी वलयात गुंतलेली. तिथे शून्यच लिहायचं. म्हणूनच दुसरी पायरी घाईत उरकू नका; अमाइडला अमिनो समजलात की तिसरी पायरी कितीही नीट केली तरी उत्तर वाकडंच येणार.

फॉस्फेट जरा त्रासदायक, कारण त्यावरून एकाहून जास्त प्रोटॉन जातात. सुट्या फॉस्फेटचे पीकेए २.१, ७.२ आणि १२.३. पीएच ७.४ ला पहिला प्रोटॉन गेलेला, तिसरा जागेवर आणि दुसरा सुमारे ६१ टक्के रेणूंवरून गेलेला. म्हणून सरासरी प्रभार उणे १.६. शर्करेला जोडलेल्या एकट्या फॉस्फेटवर दोनच प्रोटॉन उरतात आणि दुसऱ्याचा पीकेए ६ च्या जवळ असतो, म्हणून तिथे जवळजवळ उणे २. ग्लुकोज पेशीत शिरल्या शिरल्या त्याला फॉस्फेट लावलं जातं, त्याचा एक फायदा हाच: उणे दोनचा बोजा घेऊन ते पटलातून बाहेर झिरपू शकत नाही. डीएनएच्या कण्यातला फॉस्फेट दोन्ही बाजूंनी शर्करेला बांधलेला असल्यामुळे त्यावर एकच प्रोटॉन उरतो आणि त्याचा पीकेए २ च्या खाली. म्हणून प्रत्येकी उणे १.

अजून एक इशारा. कित्येक ठिकाणी अमिनो आम्ल एका बाजूला एनएच२ आणि दुसऱ्या बाजूला सीओओएच असं काढलेलं असतं. ते रूप काढायला सोपं आहे, पण पाण्यात कुठल्याही पीएचला ते नगण्यच असतं. पीएच ७ ला ॲलनीनच्या अमिनो टोकाला अधिक १ आणि कार्बॉक्सिलला उणे १ प्रभार असतो. आकृती छापील आहे म्हणून ती जशीच्या तशी उतरवू नका; प्रभार घालून पुन्हा काढा.

४. पाण्यात विरघळेल का ते बघा

प्रभार असेल तर पाण्याला तो गट आवडतो, ओएचही चालतो. कार्बन-हायड्रोजनची लांब शेपटी नको असते. साधा अंदाज असा की एक ओएच तीन कार्बन आरामात सांभाळतो. इथेनॉल आणि १-प्रोपेनॉल पाण्यात कितीही मिसळतात, चार कार्बनचं १-ब्युटेनॉल १०० मिलिलिटर पाण्यात सात-आठ ग्रॅमवर थांबतं आणि सहा कार्बनचं १-हेक्झॅनॉल सुमारे ०.६ ग्रॅमवर. पामिटिक आम्लात सोळा कार्बन आणि प्रभार एकाच टोकाला, म्हणून डोकं पाण्यात आणि शेपटी पाण्याबाहेर.

५. जोडणी आणि तोडणी

दोन एकके जुळली की पाण्याचा एक रेणू बाहेर, तुटली की एक आत. रेणुभार बघा: ग्लुकोज १८०, फ्रुक्टोज १८०, पण दोन्ही जुळून झालेलं सुक्रोज ३४२. वरच्या तीन अमिनो आम्लांच्या साखळीत दोन पाणी गेले.

६. ऑक्सिडीकरण ओळखा

लॅक्टेट आणि पायरुव्हेट शेजारी काढा. मधल्या कार्बनवरचा ओएच जाऊन कार्बोनिल आला आणि दोन हायड्रोजन कमी झाले: हे ऑक्सिडीकरण. कार्बनचा सांगाडा तसाच असताना हायड्रोजन घटले किंवा ऑक्सिजनशी बंध वाढले की ऑक्सिडीकरण, उलट झालं की क्षपण. मात्र प्रोटॉन सुटून प्रभार बदलला तर ते ऑक्सिडीकरण नव्हे. लॅक्टिक आम्लाचं लॅक्टेट होण्यात इलेक्ट्रॉन कुठेच गेलेले नाहीत.

सरावाला सिट्रेट घ्या. तीन कार्बॉक्सिल, एक अल्कोहोल, पीकेए ३.१, ४.८ आणि ६.४. पीएच ७.४ ला उत्तर उणे ३ आलं तर तिसरा पीकेए पुन्हा बघा: फरक एकचाच आहे, म्हणून उणे २.९. उणे ४ आलं असेल तर तुम्ही अल्कोहोलचाही प्रोटॉन काढून टाकलात.