घरी गाणं रेकॉर्ड करताय? पैसे घालवण्याआधी या चुका टाळा

गेल्या रविवारी परत तोच फोन आला. वर्तकनगरचा एक मुलगा, कॉलेजला आहे, आवाज खरंच गोड. "दादा, माइक घेतला, स्टँड आहे, फिल्टर आहे, सगळा सेट आलाय, पण आवाज अगदी बारीक येतो आणि मागे सतत शूंऽऽ चालू असतं." मी एवढंच विचारलं की माइक लावलायस कशाला. "लॅपटॉपला, त्याच्याबरोबर वायर आलीय ना." पुढचं मला माहीत होतं, कारण हा फोन मला गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा आलाय की आता एकदाच सगळं नीट लिहून काढतोय.

हे जे ऑनलाइन 'स्टुडिओ किट' म्हणून हजार-पंधराशेला मिळतं त्यात कंडेन्सर माइक असतो. कंडेन्सर माइकला चालायला स्वतःची वीज लागते, ४८ व्होल्ट, त्याला फँटम पॉवर म्हणतात आणि ती ऑडिओ इंटरफेसमधून (माइक आणि लॅपटॉपच्या मध्ये लागणारा छोटा डबा) किंवा मिक्सरमधून माइकच्या तीन पिनांच्या, म्हणजे एक्सएलआर, केबलवरून वर जाते. लॅपटॉपच्या छोट्या गोल जॅकमधून दोन-चार व्होल्ट मिळतात, ते इअरफोनच्या वायरवर असतो तेवढ्या चिमुकल्या माइकसाठी. त्यामुळे हा मोठा माइक उपाशीपोटी चालतो. आवाज बारीक येतो म्हणून आपण लेव्हल वर करतो, लेव्हल वर केली की लॅपटॉपच्या स्वस्त सर्किटचा शूं पण वर येतो, मग तो घालवायला नॉइज रिमूव्हल मारतो आणि गळा पाण्याखालून गायल्यासारखा होतो. एका चुकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. आणि शेवटी मुलगा म्हणतो, माझा आवाजच माइकला सूट होत नाही! अरे बाबा, तुझ्या आवाजाला काही झालेलं नाही.

माझी स्वतःची खरेदीची पद्धत सांगतो. पहिले पैसे इंटरफेसला. बेहरिंगरचा छोटा घ्या, जमत असेल तर फोकसराइटचा स्कार्लेट सोलो घ्या, सेकंडहँड चांगला मिळाला तरी चालेल, फक्त विकणाऱ्यासमोर लॅपटॉपला लावून, ४८ व्होल्टचं बटण दाबून, हेडफोनमध्ये ऐकूनच पैसे द्या. मग वायरवाला, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, ऑडिओ टेक्निकाचा एम२०एक्स माझ्याकडे आहे आणि माझी काही तक्रार नाही. आणि माइक सगळ्यात शेवटी. लोक बरोबर उलटं करतात कारण माइक फोटोत दिसतो, इंटरफेस दिसत नाही.

माइक पण पहिला घ्याल तो डायनॅमिक, म्हणजे वेगळी वीज न लागणारा, घ्या असं मी म्हणतो, निदान गाण्यासाठी. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून बाजारात आहे आणि आजही गावोगावच्या स्टेजवर तोच दिसतो, त्याला कारण आहे. तो तोंडाजवळ धरून गायचा, त्यामुळे खोलीचा, पंख्याचा, शेजारच्या कुकरच्या शिट्टीचा आवाज त्यामानाने कमी घेतो. तेवढं बजेट नसेल तर त्याच जातीचे स्वस्त पण मिळतात. सतार, बासरी, अकूस्टिक गिटार असलं नाजूक काम असेल तर मात्र कंडेन्सरच बरा, तिथे डायनॅमिकचा गेन, म्हणजे इंटरफेसवरची आवाज वाढवायची कळ, फार वर न्यावा लागतो आणि स्वस्त इंटरफेस तिथे खरखरायला लागतो.

आता अंड्यांचे ट्रे. यावर मी खूप वेळा भांडलोय आणि पुढेही भांडेन. घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर राहणाऱ्या एका मित्राने तीन आठवडे खपून बेडरूमच्या चारी भिंतींना ट्रे चिकटवले. रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज होता तसाच आत येत राहिला, कारण बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत, जाड काच आणि फटी बंद. कागदी ट्रेला वजनच नाही. आणि आतला घुमारा? १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण ३.४ मीटर लांब असते, म्हणजे अकरा फुटांच्या वर, तिला दीड इंचाचा ट्रे काय अडवणार. फक्त वरवरची चमक थोडी मेली आणि खालचं ढबढब तसंच राहिलं, म्हणजे रेकॉर्डिंग आधीपेक्षा जास्त डबक्यातलं वाटायला लागलं. वर झुरळं झाली, आणि कागद पेट घेतो हे वेगळंच, बेडरूममध्ये असलं काही भिंतीला लावू नये. बाजारात मिळणारे एक इंची फोमचे चौकोन पण साधारण तेच काम करतात, फक्त दिसायला बरे असतात.

मी काय करतो ते सांगतो, यात एक रुपया खर्च नाही. आजीच्या दोन गोधड्या आहेत, जड, जुन्या साड्यांच्या. कपडे वाळत घालायचा स्टँड गाणाऱ्याच्या पाठीमागे उभा करतो आणि त्यावर दोन्ही गोधड्या टाकतो. कपाटाची दारं उघडी, आत कपडे खच्चून भरलेले. माइकची पाठ खिडकीकडे, कारण एसएम५८सारख्या माइकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. गाणारा भिंतीला चिकटून नाही आणि खोलीच्या बरोबर मध्यावरही नाही. खिडकीच्या सरकत्या काचांच्या फटीत टॉवेल. पंखा बंद, एसी बंद, फ्रिज बंद केला तर परत चालू करायची आठवण म्हणून आईला सांगून ठेवतो. ठाण्यात मे महिन्यात पंखा बंद करून गाणं म्हणजे घामाघूम, मान्य आहे, म्हणून एकेक कडवं घ्या, पंखा लावा, पाणी प्या, परत बंद करा. माझी रेकॉर्डिंगची वेळ रात्री अकरानंतरची, तोवर खालची रहदारी जरा ओसरते. ज्यांना घाई आहे ते संध्याकाळी सातला रेकॉर्ड करतात आणि मग हॉर्न काढायचा प्लगिन (सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा छोटा प्रोग्रॅम) विचारतात. असा प्लगिन शोधण्यापेक्षा चार तास थांबणं सोपं आहे.

पण ज्या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ती वेगळी आहे, कारण तिच्यामुळे माणूस स्वतःवर शंका घ्यायला लागतो.

कळव्याची एक मुलगी आहे, शास्त्रीय शिकते, बाईंनी सांगितलं होतं की तबल्याच्या ट्रॅकवर बंदिश रेकॉर्ड करून आण. तिने घरी केली. ऐकली तर प्रत्येक वेळी समेच्या मागे. परत केली, परत मागे. तिने मुद्दाम लवकर उचलायला सुरुवात केली तर मुखडाच विस्कटला. दोन आठवडे हे चाललं आणि मग तिने गाणंच बंद केलं, आईला म्हणाली माझी लय कच्ची आहे, मला नाही जमणार. तिची आई माझ्या बहिणीच्या ओळखीची म्हणून मला कळलं, मी घरी गेलो, आणि टेबलावर पाहिलं तर ब्लूटूथ इअरबड्स.

काय होतं ते नीट समजून घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून पॅक होतो, हवेतून जातो, पलीकडे परत उलगडतो, यात सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद जातात. लॅपटॉपने तबल्याचा 'धा' वाजवला, तो तिच्या कानात २०० मिलिसेकंद उशिरा पोचला, तिने त्या 'धा'वर अगदी अचूक सूर लावला, पण कॉम्प्युटरच्या हिशोबाने तो २०० मिलिसेकंद मागे पडला. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. म्हणजे जवळपास अर्धी मात्रा मागे! पोरगी बरोबर गात होती, आणि कॉम्प्युटर तिला दोन आठवडे चूक म्हणत होता. वायरवाला हेडफोन लावला, तीच बंदिश, तोच ट्रॅक, पहिल्याच टेकला समेवर. ती काही बोलली नाही, नुसती दोनदा परत ऐकत बसली. त्या दिवसापासून मी कुणालाही लय चुकतेय असं म्हणायच्या आधी हेडफोन बघतो.

वायर असूनही उशीर येऊ शकतो, तो बफरचा, म्हणजे कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून मग पुढे पाठवतो त्याचा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सँपलचा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांच्या आसपास, तोच १०२४ ठेवला तर एकवीसच्या वर, आणि प्रत्यक्षात आत येताना आणि बाहेर जाताना असा दोन्हीकडे लागतो म्हणून गाताना स्वतःचाच आवाज मागून येतो. मी गाताना १२८ ठेवतो, लॅपटॉप चटचट करायला लागला तर २५६, आणि मिक्सिंगला बसलो की १०२४. विंडोजवर असाल तर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारा) टाका आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा, नुसता टाकून उपयोग नाही, अर्धे लोक इथेच राहतात. कंपनीचा ड्रायव्हरच नसेल तर असिओफोरऑल नावाचा सगळ्यांना चालणारा ड्रायव्हर. आणि इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर असं बटण असतं ते दाबा, मग तुमचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो. पण तेव्हा सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर दोन-दोन आवाज ऐकू येतात.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही कारण यात लोक नको तेवढा वेळ घालवतात. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, तिथेच सुरू करा. विंडोजवर नुसतं रेकॉर्ड आणि कापाकापी करायची तर ऑडॅसिटी, २००० सालापासून आहे, फुकट आहे, फक्त त्यात वर्षानुवर्षं असिओ नव्हतं म्हणून ट्रॅकवर ट्रॅक चढवायचं काम मी त्यात करत नाही. त्यासाठी रीपर. साठ दिवस पूर्णच्या पूर्ण वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला आहे. बाहेरच्या वडापाव-चहाचे पैसे थोडे थोडे बाजूला ठेवा, निघतात. क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर, मात्र टाकू नका. डोंबिवलीच्या एकाने फुकटात मोठमोठे प्लगिन मिळतात म्हणून एक पॅक टाकला, दुसऱ्या दिवशी सगळ्या फाइल्स लॉक आणि पैशाची मागणी. त्यात त्याच्या वडिलांचे अभंग होते, वडील आता नाहीत. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, हवा तर वल्हाला सुपरमॅसिव्ह कंपनीच फुकट देते, इक्यू, म्हणजे आवाजातलं जाड-बारीक कमीजास्त करायला, हवा तर टीडीआर नोव्हा, अजून काय पाहिजे सुरुवातीला?

सँपल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले तो आकडा. स्टुडिओतून आलेला ट्रॅक ४४.१ किलोहर्ट्झचा आणि कुठेतरी मध्येच कुणीतरी तो ४८चा समजून वाजवला की गाणं जवळजवळ नऊ टक्के पळतं आणि सूर दीडेक अर्धस्वर (सेमीटोन) चढतो. आमच्याकडे एका भजनी मंडळाचं काळी एकचं भजन असं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसलं, आणि पेटीवाले काका अर्धा तास पेटी खराब झाली म्हणून भाता तपासत होते. विंडोजची साउंड सेटिंग, इंटरफेसचं पॅनल आणि सॉफ्टवेअर, तिन्हीकडे आकडा एकच आहे ना ते गाणं सुरू करण्याआधी बघा. मी सगळीकडे ४८ आणि २४ बिट ठेवतो आणि तो विषय बंद करतो.

लेव्हल लाल रेघेपर्यंत नेऊ नका, सगळ्यात मोठी तान सुद्धा उणे १२ डीबीच्या आसपास राहू दे, २४ बिटमध्ये नंतर वाढवता येतं पण फाटलेला आवाज शिवता येत नाही.

हेडफोनमध्ये हूंऽऽ येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिचाच तो आवाज असतो बहुतेक वेळा. बॅटरीवर तो आवाज बंद झाला तर अर्थिंगचं काम आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा, नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये तर मी अर्थिंगची वायरच जोडलेली नसलेला सॉकेट पाहिलाय. हूं घालवायला प्लगची तिसरी पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे.

पावसाळ्यात कंडेन्सर माइक स्टँडवर उघडा ठेवू नका. ठाण्याच्या जुलैतल्या दमट हवेने तो तडतडायला लागतो. मी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो.

नवीन कॉम्प्युटरसाठी थांबू नका. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर दहा-बारा ट्रॅकचं गाणं आरामात होतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडा वर जातो, म्हणजे पाच मिनिटांचं दहा ट्रॅकचं गाणं साडेचारशे एमबीच्या आत. त्यामुळे कॉपी दुसऱ्या डिस्कवर ठेवायला जागा नाही हे कारण मला सांगू नका. मी त्याच रात्री ठेवतो, झोपायच्या आधी.

वर्तकनगरच्या मुलाला मी माइक परत करू नकोस म्हणालो. तो माइक टाकाऊ नाही, इंटरफेसवर ४८ व्होल्ट मिळाले की त्या किमतीच्या मानाने बरा वाजेल. त्याच्याकडे अजून इंटरफेस नाही म्हणून पुढच्या रविवारी माझ्याकडे येतोय. एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला गोल पिन अशी जी वायर सेटबरोबर आली ती घरीच ठेव, दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली केबल घेऊन ये आणि इअरबड्स आणू नकोस, एवढं सांगितलंय. गोधड्या माझ्याकडे आहेत.