वॉर्डातल्या सिस्टरना ऑनलाइन शिकवायचं असेल तर

पुण्यातल्या एका हॉस्पिटलात मी नर्सिंग ट्यूटर आहे आणि पुराव्यावर आधारित नर्सिंगचा ऑनलाइन कोर्स घेते. या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: व्याख्यांनी सुरुवात करू नका. नाईट संपवून पीएमपीच्या बसने घरी निघालेली सिस्टर मोबाइलवर व्याख्या ऐकणार नाही, तिच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. तिच्या वॉर्डातला प्रश्न काढा.

हमखास निघणारा प्रश्न व्हेनफ्लॉनचा, म्हणजे सलाईन-औषधासाठी शिरेत बसवलेल्या बारीक नळीचा. शीर लाल नाही, दुखत नाही, तरी ठरावीक तासांनी बदलायचं. का? "मॅडम, पॉलिसी आहे." शिकवणं इथून सुरू होतं. आधी पिको, म्हणजे प्रश्न चार भागांत मांडायची पद्धत: रुग्ण कोण, करायचं काय, तुलना कशाशी, परिणाम कोणता बघायचा. मग पबमेड, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंध शोधायची वेबसाइट. ते फुकट आहे, पण नुसतं 'फ्लेबायटिस' (शिरेची सूज) टाकलं तर पेपरांचा ढीग येतो आणि सिस्टर तिथेच हात टेकतात. डावीकडचे फिल्टर लावून फक्त आरसीटी (चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडून केलेल्या चाचण्या) आणि सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा) कसे ठेवायचे, हे स्क्रीन शेअर करून सावकाश दाखवा. वेळ इथेच जातो, जाऊ द्या. पेपर इंग्रजीत असला तरी चर्चा मराठीतच करा. एरवी गप्प बसणाऱ्या सिस्टर बोलायला लागतात.

2012 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेली ऑस्ट्रेलियातली ट्रायल आम्ही एकत्र वाचतो. रुग्ण 3,283. एका गटात तिसऱ्या दिवशी बदललं, दुसऱ्यात गरज पडली तरच. फ्लेबायटिस दोन्हीकडे 7 टक्के. "म्हणजे उगाच टोचतो आपण!" असं कुणीतरी म्हणतंच, आणि तेव्हाच थांबवायचं असतं. गरज पडली तर बदलायचं म्हणजे गरज कुणीतरी वेळेवर ओळखायला हवी. रात्री वॉर्डात एकटी सिस्टर असेल तर प्रत्येक रुग्णाची जागा पट्टीखाली नीट बघून होईल का? माझ्या मते कोर्समधला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर पेपरात नाही, वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टरकडेच आहे.

लाइव्ह तास दुपारी शिफ्ट बदलताना ठेवा, रेकॉर्डिंग छोटी ठेवा. शेवटी एमसीक्यूवर भागवू नका, अर्ध्या पानाची नोंद लिहून घ्या: आपल्याकडे काय चालतं, पुरावा काय म्हणतो, बदलायला काय लागेल.

पॉलिसी मात्र कुणी परस्पर बदलायची नाही. ती इन्फेक्शन कंट्रोल कमिटीतूनच बदलते. त्या मीटिंगमध्ये ही नोंद सिस्टरने स्वतः मांडावी, यासाठी मेट्रनशी कोर्स सुरू व्हायच्या आधीच बोलून ठेवा.